इंदुताईंनी धरलेली पात

नागपूरला खेटून एक नगरपरिषद आहे. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण सांगितलं की तिथले लोक विचारतील, आमचंच काहून? आणि तसंही ही गोष्ट नगरपरिषदेची कमी आणि तिथल्या कार्यालय अधीक्षक इंदुताई गायधने यांची जास्त आहे. अधीक्षक हे पद कागदावर मधलंच. वर मुख्याधिकारी, खाली बाबू लोक. पण मुख्याधिकारी येतात नि बदलून जातात, नगरसेवक निवडून येतात नि पडतात, आणि "ती फाईल कुठं आहे हो?" असं विचारत सगळे शेवटी ज्या टेबलाशी येऊन उभे राहतात, ते टेबल इंदुताईंचं. त्यांच्याबद्दल सांगायचं तर कौतुकानंच सांगावं लागेल. ज्याला दुसऱ्याचं कौतुक ऐकवत नसेल त्यानं आत्ताच उठावं.

त्यांच्या टेबलामागं एक खिडकी. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, पाण्याचे टँकर उभे राहतात ते. अंगणाच्या कडेला एक पक्की खोली आहे. दारावर निळ्या अक्षरांत पाटी: महिला सफाई कामगार विश्रांती कक्ष. आत पंखा, मोरी, संडास, भिंतीला खुंट्या. खोली बांधून झाली तेव्हा पेढेसुद्धा वाटले होते. पण बाया आत पाऊल टाकणार तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये पाणी गळायला लागलं, आणि कोणीतरी म्हणालं, तेवढे दोन-चार बस्ते खाली नेऊन ठेवा. जुने कागद लाल कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला बस्ता म्हणतात. दोन-चार बस्ते गेले. मग त्यांच्या सोबतीला आणखी गेले. सरकारी कागद एकदा कुठं बसला की उठत नाही. मोरीत बस्ते, संडासात बस्ते, पार पंख्याला टेकतील इतके बस्ते, आणि दाराला भलंमोठं कुलूप. पाटी मात्र दर दिवाळीला न चुकता रंगवून घ्यायचे.

आणि ज्यांच्या नावाची पाटी, त्या बाया टँकरच्या सावलीत बसून डबा खायच्या. प्रयागबाई त्यांच्यातली सर्वांत जुनी. पहाटे झाडू घेऊन निघायचं, दुपारी नाल्या उपसून परत यायचं, आणि घरी जायच्या आधी कपडे बदलायचे, कारण त्या कपड्यांत कामठीचा शेअर ऑटोवाला बसू देत नाही. बदलायचे कुठं? टँकरच्या मागं. दोघी जणी चादर धरायच्या, तिसरी बदलायची. वारा सुटला की चादर उडायची आणि ड्रायव्हर लोक तोंड फिरवायचे. सगळेच फिरवायचे असंही नाही. त्यात नागपूरचा मे महिना. टँकरच्या पत्र्याला चुकून पाठ लागली तर चटका बसायचा. इंदुताईंना हे सगळं खिडकीतून दिसायचं.

त्यांनी टिपण्या काय थोड्या लिहिल्या? प्रत्येक टिपणीला एकच उत्तर: अभिलेखांची विल्हेवाट लागल्यावर कक्ष रिकामा करण्यात येईल. अभिलेख म्हणजे हेच जुने कागद. पण विल्हेवाट लागणार कशी? कोणता कागद किती वर्षं ठेवायचा नि कधी काढून टाकायचा याचे नियम होते, पण ते टाइपरायटरच्या जमान्यातले. अ वर्गाचा कागद कायमचा, ड वर्गाचा वर्षभरात रद्दी, मधल्या वर्गांना मधली मुदत. आता टँकरच्या फेऱ्यांचे छापील तक्ते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्रारींच्या प्रिंटा, ऑनलाइन भरलेल्या टॅक्सच्या पावत्या, यांचा वर्ग कोणता? नियमात नाही. मग प्रत्येक बाबूनं प्रत्येक गठ्ठ्यावर एकच ओळ लिहून ठेवली होती, 'पुढील आदेशापर्यंत जतन करावे.' तो पुढचा आदेश काढेल कोण बाप्पा? कागद फाडायच्या हुकमावर सही केली आणि उद्या कोणी नेमका तोच कागद मागितला, तर नोकरीवर बेतणार. ठेवल्याबद्दल मात्र आजवर कोणाला नोटीस आलेली नाही.

एकदा म्हणे एका साहेबांनी मनावर घेतलं होतं. नष्ट करायच्या कागदांच्या याद्या करा, सगळ्या पाच-पाच प्रतींत करा, असा हुकूम सुटला. बाबू लोकांनी महिनोन्‌महिने खपून याद्या केल्या. सहीची वेळ आली आणि साहेबांची बदली झाली. आता त्या याद्यांचं काय करायचं? याद्या महत्त्वाच्या, म्हणून त्यांचेच बस्ते बांधले, वर 'अ वर्ग, कायम' असं लिहिलं, आणि नेऊन ठेवले बायांच्या खोलीत. हसू नका, हे असंच चालतं.

तर इंदुताई त्या मेअखेर रिटायर होणार होत्या. जायच्या आधी ती खोली बायांच्या ताब्यात गेली पाहिजे, एवढं एकच त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांच्यामागं त्या खिडकीशी कोण बसेल आणि बसलं तरी बाहेर बघेल की नाही, याचा भरवसा त्यांना नव्हता.

त्याच वर्षी सुशील साहेब मुख्याधिकारी म्हणून आले. साताऱ्याकडचे, वयानं तरुण, बोलायला मऊ. वरून पत्र आलं होतं की अभिलेख जतन व विल्हेवाटीचे नियम अद्ययावत करावेत. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं: जुन्या नियमांवर नवी तारीख टाका नि पाठवून द्या.

"माझ्याकडे द्या," इंदुताई म्हणाल्या.

लेखा विभागाचा दुर्गेश त्यांच्या शेजारीच बसला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, जायच्या टायमाले काहून लफड्यात पडून राहिल्या? आरामात निघा ना."

"तुले कोणी विचारलं गा?" म्हणत ताईंनी कागद आपल्याकडे ओढून घेतले.

इंदुताईंचं माहेर मौद्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. आईसोबत निंदायला, म्हणजे धानातलं गवत काढायला, जात जात त्या मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या, लिपिक म्हणून लागल्या, आणि खात्याच्या परीक्षा देत देत अधीक्षक झाल्या. त्यांच्या गावातून सरकारी खुर्चीत बसलेली ही पहिली बाई. आजही गावी गेल्या की ओट्यावरचे लोक सरकून त्यांना जागा देतात आणि त्या ऐटीत बसतात. कमावलेला मान घ्यायला लाजायचं कायले, असं त्यांचं सरळ म्हणणं.

सरकारी भाषेत नकोसे कागद वेगळे काढण्याला निंदणीकरणच म्हणतात. तो शब्द वर्षानुवर्षं सगळ्यांच्या फायलींत होता, पण त्या बाबूंपैकी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून खरंखुरं निंदलेलं कोणीच नव्हतं. इंदुताईंनी निंदलं होतं, आणि ते कसं करतात ते त्यांच्या अंगात होतं. धानात बाया उतरतात तेव्हा वाट्टेल तिथं वाकत नाहीत. प्रत्येकीची आपली पात असते, म्हणजे या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंतचा, बांधापासून बांधापर्यंतचा एक पट्टा. आपल्या पातीतलं गवत आपण काढायचं, शेजारणीच्या पातीत हात घालायचा नाही. आणि सगळ्यांच्या मागून एक जण चालते. गवताबरोबर धानाचं रोप उपटलं गेलं असेल तर ती ते तिथल्या तिथं परत खोचते. त्यावरून कोणी कोणाला ओरडत नाही. दिवसभर वाकलेल्या माणसाच्या हातून एखादं रोप उपटलं जाणारच, त्यासाठीच तर ती मागं असते.

मग ताईंनी मसुदा तसाच लिहिला. ज्याचा विभाग त्याची पात. आपले कागद आपण निवडायचे, कशाला किती वर्षं ते आपण लिहायचं, आणि तेवढ्यापुरतीच आपली सही. त्याच्या मागून दुसऱ्या विभागाच्या माणसानं तेच बस्ते पुन्हा बघायचे आणि त्यानंही सही करायची. मग अधीक्षक, मग मुख्याधिकारी. आजवरची पंचाईत हीच होती की अख्ख्या खोलीचा भार एका सहीवर पडायचा, म्हणून ती सही कोणी करत नव्हतं. ज्या कागदांना वर्गच नव्हता त्यांना वर्ग मिळाले. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारून तीही जपायची आपली सवय, तिला ताईंनी एका वाक्यात रजा दिली. आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी एक कलम घातलं: माणसांच्या वापरासाठी बांधलेल्या खोलीत अभिलेख ठेवता येणार नाहीत, तात्पुरतेसुद्धा नाहीत.

सुशील साहेबांनी मसुदा दोनदा वाचला. "ताई, उत्तम झालंय. पण हे शेवटचं कलम शासनाच्या नमुना नियमांत कुठंच नाही."

"नसंन साहेब. नमुना लिहिणाऱ्याले आपली खोली माहीत नसंन."

"सभेत विचारतील."

"विचारू द्या. मी आहे ना."

सभेत नत्थूजींनी विचारलंच. नत्थूजी जुने नगरसेवक, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक विषयावर दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. ते म्हणाले, "तात्पुरतं बी नाही, हे कायले? अडचण का सांगून येते?"

इंदुताईंनी भाषण केलं नाही. "भाऊ, जरा खिडकीपाशी येता का?" एवढंच त्या म्हणाल्या. जेवायच्या सुट्टीची वेळ होती. नत्थूजी खिडकीपाशी गेले. खाली टँकरच्या आड दोघी जणी चादर ताणून उभ्या होत्या, पाठमोऱ्या. नत्थूजींनी पटकन नजर वळवली, खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "करा मंजूर." त्या सभेत ते पुढं एक शब्द बोलले नाहीत, असं त्यांच्याबाबतीत पहिल्यांदाच घडलं.

नियम मंजूर झाले, पण नियम म्हणजे काही खोली नव्हे. एप्रिलमध्ये कुलूप उघडलं तेव्हा धुळीचा असा लोट आला की दुर्गेश शिंकत शिंकत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. ताईंनी डोक्याला रुमाल बांधला, पदर खोचला आणि भिंतीवर खडूनं पाती आखल्या: ही लेख्याची, ही पाणीपुरवठ्याची, ही बांधकामाची. सुरुवातीला बाबू लोक पाहुण्यासारखे उभे होते. दुर्गेश एकेक कागद उचलायचा, उन्हाकडे धरायचा आणि म्हणायचा, "ताई, हा ठेवावाच वाटते." त्याच्या पातीत ठेवायच्या कागदांचा ढीग छातीपर्यंत आला आणि टाकायच्या ढिगात एक जुनं कॅलेंडर पडलं.

"दुर्गेश, ह्या रेटनं तुह्या रिटायरमेंटपर्यंत चालते हे."

"ताई, चुकून काही गेलं तर?"

"तुह्या मागं मिनल आहे ना गा. चुक ना तू बिनधास्त."

मिनल जन्म-मृत्यू नोंदणीची. अबोल पोरगी, पण नजर अशी की गव्हातला खडा सुटायचा नाही. ती दुर्गेशच्या मागून बस्ते बघत चालली होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुर्गेशचा हात सैल झाला, भराभर टाकायला लागला, आणि मिनलनं टाकायच्या ढिगातून एक बस्ता परत ओढला. वर टँकरच्या चिठ्ठ्या होत्या. खाली, त्याच कापडात, पूर्वी ग्रामपंचायत होती तेव्हाचं जन्मनोंदीचं मूळ रजिस्टर. अ वर्ग, कायम. दुर्गेशचा चेहरा पडला. सगळे इंदुताईंकडे बघायला लागले की आता बोलणी बसतात.

ताईंनी रजिस्टर झटकलं, मिनलच्या हातात दिलं आणि दुर्गेशला म्हणाल्या, "चल, पुढं सरक. पात अर्धी राहिली तुही."

बस, तिथून काम सुटलं. चुकलं तरी मागं कोणीतरी आहे, हे एकदा सगळ्यांना दिसलं. मग कोणी कागद उन्हाकडे धरले नाहीत. पाच प्रतींतल्या त्या याद्यांचे बस्ते निघाले तेव्हा तर बाबू लोक पोट धरधरून हसले. याद्या टाकायच्या ढिगात गेल्या आणि कागद नष्ट करायच्या प्रमाणपत्रावर पहिली सही दुर्गेशनं स्वतःहून केली. मिनलनं केली, बाकीच्यांनी केल्या. राहिल्या दोन सह्या, ताईंची आणि साहेबांची.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. ताईंची सही व्हायच्या आधीच सुशील साहेबांनी प्रमाणपत्र बघायला घेतलं, पेन उघडलं आणि बंद केलं. "ताई, काम चोख आहे, माझी शंका नाही. पण एवढा मोठा नाश... मी एकदा वर मार्गदर्शनासाठी पाठवतो."

मार्गदर्शन मागवणं म्हणजे काय हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. गेलेली फाईल मार्गदर्शन घेऊन परत येईल तोवर खोलीला पुन्हा कुलूप, आणि ताई घरी. त्या दिवशी अंगणातून जाताना प्रयागबाईंनी त्यांना हटकलं.

"काहो ताई, थांबलं का काम?"

"उद्या सांगतो," ताई म्हणाल्या.

"राहू द्या. आमाले सवय आहे." प्रयागबाई हे रागानं म्हणाल्या नाहीत, समजावल्यासारखं म्हणाल्या, आणि तेच ताईंना फार लागलं.

सकाळी चहा पिताना त्यांनी मधुकररावांना सांगितलं, की साहेब थांबले तरी आज मी सही करणार. मधुकरराव म्हणजे त्यांचे यजमान, शाळेतून रिटायर झालेले, स्वभावानं भित्रे पण मनानं चांगले. त्यांचा कप बशीतच राहिला.

"अवं, पेन्शनचे कागद अजून निघाले नाहीत तुहे. उद्या एखाद्यानं कागद मागितला नि नसला, तर तुहं नाव पहिलं. काहून डोक्यावर घेतं?"

"मागितला तर सांगीन, माह्या सहीनं गेला म्हणून."

"आणि पेन्शन अटकलं तर?"

"तर तुमच्या पेन्शनवर खाईन," ताई म्हणाल्या. मधुकररावांना हसू आलं आणि काळजीही वाटली. पण ते ओळखून होते, की या बाईनं पात धरली की ती धुऱ्याला लागल्याशिवाय कंबर सरळ करत नाही. त्यांनी ताईंचा डबा भरून दिला.

साहेबांच्या दालनात ताईंनी प्रमाणपत्र पुन्हा समोर ठेवलं, पण या वेळी त्यावर त्यांची सही होती, ठसठशीत, पूर्ण नावाची. शेजारी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: सर्व पातींची तपासणी मी स्वतः केली असून त्याची जबाबदारी माझी आहे.

साहेबांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. "ताई, तुम्ही या महिन्यात जाताय. हे कशाला लिहिलंत? न लिहिता सुखानं गेला असतात."

"साहेब, सुखानंच जायचं आहे मले. म्हणून तर लिहिलं." मग थांबून त्या म्हणाल्या, "मार्गदर्शन कोणाले मागता? त्याईनं ती खोली पायली नाही. तुमी पायली, मी पायली. याच्याहून जास्त कोणाले का माहीत आहे?"

सुशील साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, प्रमाणपत्राकडे पाहिलं, आणि पेन उघडलं. या वेळी ते बंद न करता त्यांनी सही केली. तरुण माणूस, पुढं सगळी नोकरी पडलेली. त्यानं सही केली याचं ताईंना मनापासून कौतुक वाटलं, आणि ते त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं.

नागपूरजवळच्या वाडीहून ट्रक आला. कागद लगद्यासाठी कारखान्यात गेले, मिनल आणि दुर्गेश साक्षीला सोबत गेले. जे ठेवायचे ते वरच्या दुरुस्त झालेल्या रेकॉर्ड रूममध्ये चढले आणि आरामात मावले. बायांची खोली धुतली, पुसली, मोरीचा नळ बदलला. पंखा सुरू केला तेव्हा त्यानं आधी कुरकुर केली, मग फिरायला लागला.

उद्घाटन ताईंच्या शेवटच्या दिवशीच ठेवलं. दाराला लाल फीत, टेबलावर नारळ, साहेब, नत्थूजी, सगळे बाबू, आणि ताईंच्या आग्रहानं मधुकररावसुद्धा. दुपारचं रणरणतं ऊन. सगळे अंगणात आले आणि बघतात तर फीत कडेला नीट गुंडाळून ठेवलेली आणि दार बंद. दुर्गेशनं ढकलून पाहिलं. दार हललं नाही.

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी दारावर टकटक केली.

"कोण व्हय?" आतून प्रयागबाईंचा आवाज.

"मी इंदू. साहेब आले, प्रयागबाई. उद्घाटन करायचं आहे."

"थांबा ताई. बाया कपडे बदलून राहिल्या."

आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. दुर्गेश पुन्हा दाराकडे हात नेत होता, ताईंनी त्याचं मनगट धरलं. "उभा राह्य गा," त्या म्हणाल्या. सगळे उन्हात उभे राहिले. नत्थूजी दुपट्ट्यानं मान पुसत राहिले. अख्ख्या नोकरीत इंदुताईंनी कोणत्या साहेबाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि आज ठेवलं याचा त्यांना इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आतून कडी लागते त्याईले आता."

सुशील साहेबांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "होऊ द्या त्यांचं सावकाश," ते म्हणाले.